आधी बोटी, मग रस्ते

लांबच्या प्रवासाची तयारी बहुतेक जण नकाशावर रेघ ओढून सुरू करतात. पहिल्या वेळी आम्हीही तेच केलं. रेघ झकास होती. फक्त तिच्या मधोमध एक बोट होती आणि ती आठवड्यातून ठरावीक वारीच सुटते, हे हॉटेलं ठरवून झाल्यावर कळलं. ती गाठायला नवऱ्याला सलग तेरा तास गाडी हाकावी लागली. त्या तेरा तासांत आमच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून गाडी तो चालवतो आणि वही मी. वहीच्या पहिल्या पानावर रस्ते नसतातच, फक्त बोटी असतात. शेवटचा मोठा प्रवास आठ आठवड्यांचा होता आणि त्यात पाच बोटी होत्या: इंग्लंडच्या डोव्हरहून फ्रान्सचं कॅले, स्पेनच्या तारिफाहून मोरोक्कोचं टँजिअर, मोरोक्कोच्याच नादोरहून स्पेनचं आल्मेरिया, बार्सिलोनाहून इटलीचं चिविताव्हेक्किया आणि इटलीच्याच अँकोनाहून ग्रीसचं पात्रास. मधले देश म्हणजे फ्रान्स, स्पेन, मोरोक्को, पुन्हा स्पेन, इटली आणि ग्रीस. उदाहरणं मी बहुतेक याच प्रवासातली देते, पण पद्धत कुठल्याही समुद्राला लागू पडते.

बोटीची जात ओळखा

सगळ्या बोटींना एकच नियम लावला की गोंधळ होतो. काही बोटी बससारख्या असतात. डेन्मार्कच्या हेल्सिंगोरहून स्वीडनच्या हेल्सिंगबोर्गला जायला वीस मिनिटं लागतात. नॉर्वेत फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या, ओलांडणाऱ्या कित्येक बोटींना आगाऊ तिकीट लागतच नाही. रांगेत उभं राहायचं, जागा मिळाली तर आत, नाहीतर पुढची. डोव्हर-कॅले दीड तासाची आहे आणि दिवसातून अनेकदा सुटते. अशा बोटींसाठी प्रवास वाकवायची गरज नाही. सुट्टीच्या मोसमातले शनिवार तेवढे टाळा.

दुसरी जात रात्रीच्या रेल्वेसारखी. बार्सिलोना ते चिविताव्हेक्किया साधारण वीस तास, अँकोना ते पात्रास जवळपास पूर्ण एक दिवस. इथे केबिन घ्यायची की खुर्चीवर रात्र काढायची, हा प्रश्न येतो. माझं उत्तर ठाम आहे: दुसऱ्या दिवशी गाडी चालवणार असाल तर केबिन घ्याच. तिथे वाचवलेले पैसे पुढच्या दिवशी डुलक्या काढण्यात जातात, आणि डुलक्या स्टिअरिंगवर परवडत नाहीत.

तिसरी जात साप्ताहिक. डेन्मार्कच्या हिर्टशाल्सहून फेरो बेटांमार्गे आइसलँडच्या सेयदिसफ्योर्दूरला जाणारी बोट आठवड्याच्या हिशेबाने चालते आणि उन्हाळ्यात तिच्यातली गाड्यांची जागा कित्येक महिने आधी संपते. ती चुकली तर पुढच्या बोटीला आठवडा जातो. असल्या बोटीचं तिकीट हातात आल्याशिवाय बाकीचं काहीही ठरवू नका.

चौथी जात सर्वात बेभरवशाची: भरली की सुटणारी. कॅस्पियन समुद्रावर बाकूजवळच्या आलातहून कझाकस्तानच्या कुरिककडे जाणाऱ्या बोटी मुळात मालवाहू. रेल्वेचे डबे आणि ट्रक पुरेसे जमले आणि वारा पडला की निघायचं, हेच त्यांचं वेळापत्रक. लोक धक्क्यावर दोन-तीन दिवस मुक्काम टाकून बसतात. अशा बोटीच्या पलीकडच्या देशाचा व्हिसा ठरावीक तारखांचा असेल तर बोट समुद्रात नांगर टाकून उभी असतानाही त्याचे दिवस संपत जातात. शिवाय अझरबैजानने २०२० मध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठी जमिनीवरच्या आणि सागरी सीमा बंद केल्या आणि पुढची अनेक वर्षं त्या उघडल्याच नाहीत. असला मार्ग मनात असेल तर जुनी प्रवासवर्णनं बाजूला ठेवून आजची स्थिती आधी पाहा.

आणि जिथे बोटच नाही असंही होतं. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारिएनच्या जंगलात साधारण शंभर किलोमीटर रस्ताच नाही. गाडी कोलोनहून कार्ताहेनाला कंटेनरमधून जाते आणि तुम्ही विमानाने. तो वेगळाच कारभार. त्याला वहीचं वेगळं पान लागतं.

कॅलेंडरवर उलटं चालायचं

बोटी ठरल्या की त्या मोठ्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहायच्या आणि प्रत्येक बोटीपासून मागे मागे यायचं. आमचा हिशेब असा: दिवसाला तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही. बोटीच्या आदल्या दिवशी फार तर दीडशे. आणि लांब पल्ल्याच्या प्रत्येक बोटीआधी एक दिवस पूर्ण कोरा.

कोऱ्या दिवसावरून आमच्याकडे दरवेळी वाद होतो. "तिथे बघायला काही नाही, मग दिवसभर करायचं काय?" हा नवऱ्याचा प्रश्न. बंदराच्या गावात बहुधा खरंच बघायला काही नसतं. कपडे धुवा, गाडीतला कचरा काढा, टायरमधली हवा बघा. टायर पंक्चर झाला, घाटात दरड आली, कोणाचं पोट बिघडलं, तर हाच दिवस कामी येतो. पाच बोटींपैकी दोनदा तो आमच्या कामी आला.

त्यातली एक वेळ तारिफाची. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर आहे, पलीकडचे डोंगर डोळ्यांनी दिसतात. त्यामुळे ही बोट म्हणजे नाला ओलांडण्यासारखी वाटते. पण तिथे लेव्हांते नावाचा पूर्वेचा वारा सुटला की तारिफाच्या वेगवान बोटी सर्वात आधी बंद पडतात. आम्ही सकाळी धक्क्यावर पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं आणि गाडीचं दार उघडताना हातातून निसटत होतं. फाटकावरच्या माणसाने फक्त मान हलवली. आमच्या पुढचे चार-पाच जण गाड्या वळवून अल्जेसिरासकडे सुटले, कारण तिथल्या मोठ्या बोटी बऱ्याचदा चालू असतात.

पण इथे एक मेख आहे. तारिफाची बोट टँजिअर शहरातच उतरवते आणि अल्जेसिरासची बोट टँजर-मेद बंदरात, म्हणजे शहरापासून चाळीसेक किलोमीटर पूर्वेला. नाव एकच, जागा दोन. चिविताव्हेक्कियाचंही तसंच, तिकिटाच्या जाहिरातीत ती 'रोमची बोट' असते, पण बंदरापासून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब आहे. म्हणून वहीत शहराचं नाव न लिहिता धक्क्याचं नाव आणि त्याचे अक्षांश-रेखांश लिहायचे. आम्ही त्या दिवशी तारिफातच थांबलो. पुढच्या बोटीआधीचा कोरा दिवस हाताशी होता, म्हणून थांबता आलं.

मोसमही बघा. दरवर्षी साधारण १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात युरोपात राहणारी मोरोक्कन मंडळी गाड्या भरभरून गावी जातात आणि परततात. सामुद्रधुनी ओलांडणाऱ्यांची संख्या तेव्हा तीस लाखांच्या वर जाते. जुलैअखेरीला दक्षिणेकडे आणि ऑगस्टअखेरीला उत्तरेकडे, अशी ती लाट असते. गाड्यांच्या टपावर दोरीने बांधलेल्या गाद्या आणि सायकली बघायला मजा येते, पण तशा दोनशे गाड्यांच्या मागे उभं राहायला नाही. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा जोर धरतो आणि वारा फार वाढला की ग्रीसचं तटरक्षक दल बोटी सोडूच देत नाही. हिवाळ्यात तर सगळीकडेच फेऱ्या कमी होतात.

घड्याळाचा घोळ वेगळाच. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या जागेची असते, पोचण्याची वेळ पोचण्याच्या जागेची. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे. मोरोक्कोचं घड्याळ हिवाळ्यात स्पेनशी जुळतं, उन्हाळ्यात एक तास मागे असतं आणि रमजानच्या महिन्यात आणखी एक तास मागे सरकतं. म्हणून कॅलेंडरवर प्रत्येक बोटीसमोर तीन वेळा लिहायच्या: धक्क्यावर हजर व्हायची, सुटायची आणि पोचायची, तिन्ही तिथल्या स्थानिक. हजर व्हायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. फाटक सुटण्याच्या वेळेला बंद होत नाही, त्याच्या बऱ्याच आधी होतं. किती आधी, ते तिकिटाच्या बारीक अक्षरांत सापडतं.

गाडी मोजा, खरंच मोजा

बोटीत जागा लांबीवर विकली जाते आणि उंचीवरून मजला ठरतो. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली उंची ही मोकळ्या गाडीची असते. आम्ही तीच भरली होती. टपावरची सामानाची पेटी आमच्या डोक्यातच आली नाही.

धक्क्यावरच्या मुलाने हातातला उंच दांडा गाडीला टेकवला, वर बघितलं, खाली बघितलं आणि आम्हाला छोट्या गाड्यांच्या रांगेतून बाहेर काढलं. तासभर आम्ही एका मोठ्या ट्रकच्या चाकांकडे बघत बसलो. मग फरकाची रक्कम भरली आणि सगळ्यात शेवटी, ट्रकांच्या मजल्यावर, भिंतीला चिकटून आमची जागा मिळाली. त्या दिवशी बोट भरलेली असती तर तेही झालं नसतं.

तर मोजायची पद्धत. गाडीत सगळं सामान भरा, टपावरची पेटी लावा, मागे सायकली टांगणार असाल तर त्याही टांगा. गाडी सपाट जमिनीवर उभी करा. टपावरच्या सर्वात उंच जागेवर एक सरळ काठी आडवी ठेवा, ती बाजूला हातभर पुढे येऊ द्या आणि काठीच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. एकाने वर धरायचं, दुसऱ्याने खाली वाचायचं. लांबी पुढच्या बंपरपासून मागच्या सायकलीच्या टोकापर्यंत. आलेल्या आकड्यात पाच-दहा सेंटिमीटर मिळवून तिकिटावर भरा. गाडी एलपीजीवर चालत असेल किंवा आत गॅसची टाकी असेल तर तेही आरक्षणातच सांगा. इंधनाचे भरलेले कॅन बहुतेक बोटींवर चालत नाहीत.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि प्रवास अडतो तो बहुधा इथेच.

गाडीचं नोंदणीपत्र मूळ हवं, छायाप्रत नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, अगदी वडिलांच्या किंवा कंपनीच्या, तर मालकाचं परवानगीपत्र हवं. काही देशांत ते नोटरी केलेलं लागतं. भाड्याच्या गाडीला बोटीवर चढायची परवानगी असतेच असं नाही, ते करारात वाचा.

विम्यासाठी युरोपात आणि आसपासच्या काही देशांत ग्रीन कार्ड, म्हणजे गाडीच्या विम्याचा आंतरराष्ट्रीय दाखला, चालतं. नाव हिरवं असलं तरी २०२० पासून ते पांढऱ्या कागदावर छापलेलंही चालतं. त्यावर देशांच्या अक्षरांचे चौकोन असतात. ज्या चौकोनावर फुली आहे तिथे तुमचा विमा नाही. मोरोक्को या व्यवस्थेत आहे, पण आमच्या कार्डावर त्याच चौकोनावर फुली होती. ती मला घरी, जेवणाच्या टेबलावर दिसली, म्हणून विमा कंपनीला लिहून वेळेत सोय झाली. नाहीतर उतरल्यावर सीमेवरच विमा विकत घ्यावा लागतो.

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना एकच असतो असं समजू नका. रस्ता-वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा वेगळा, १९६८ च्या कराराचा वेगळा. पहिला एक वर्ष चालतो, दुसरा जास्तीत जास्त तीन. कुठला देश कुठला मानतो ते यादीत बघून घ्या आणि मूळ परवाना सोबत ठेवाच.

कार्नेट हा शब्द कानावर येईल. तो गाडीचा पासपोर्ट समजा. इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त अशा देशांत गाडी तात्पुरती आणताना तो लागतो. प्रत्येक पानाचे तीन तुकडे: एक आत शिरताना कस्टमवाले फाडून घेतात, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा तुमच्याकडे राहतो, ज्यावर दोन्ही शिक्के उमटलेले असले पाहिजेत. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री तुमची गाडी त्या देशात विकली गेली, आणि तुम्ही ठेवलेली अनामत अडकते. बोटीने बाहेर पडताना हा शिक्का राहून जाण्याची भीती जास्त, कारण रांग पुढे सरकत असते आणि मागचा हॉर्न वाजवत असतो. वाजवू द्या. शिक्का दिसल्याशिवाय रॅम्पवर चढू नका.

मोरोक्कोत कार्नेट लागत नाही, पण गाडीची तात्पुरती आयात चालकाच्या नावावर नोंदली जाते. ज्याच्या नावावर गाडी आत आली त्याला ती तिथेच सोडून सहजासहजी देशाबाहेर जाता येत नाही. घरी कोणी आजारी असेल आणि मधूनच परतायची वेळ येऊ शकत असेल तर गाडी दुसऱ्याच्या नावावर आत आणा. हे आधी बोलून ठेवा. ड्रोन असेल तर घरीच ठेवा, तो कस्टमवाले काढून घेतात.

शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, राहायला मिळणारे नव्वद दिवस मोजताना आत शिरलेला आणि बाहेर पडलेला, दोन्ही दिवस धरा, आणि मोजणी कोणत्याही सलग १८० दिवसांत करा. मोरोक्कोत घालवलेले आमचे अठरा दिवस त्यातून वगळले गेले.  इथे बोट उशिरा सुटली तर दिवसही सरकतात, म्हणून अगदी नव्वदाव्या दिवसाची बोट घेऊ नका.

सीमा कुठे ओलांडली जाते, हेही आधी माहीत असू द्या. डोव्हरला फ्रान्सची पासपोर्ट तपासणी बोटीवर चढण्याआधी इंग्लंडच्याच धक्क्यावर होते. मोरोक्कोला जाणाऱ्या बऱ्याच बोटींवर पोलिसांचं टेबल बोटीतच मांडलेलं असतं. समुद्रात असतानाच शिक्का घ्यायचा. ती रांग दिसली की चहा-कॉफीचा विचार न करता आधी तिथे उभं राहा. शिक्का नसेल तर खाली उतरू देत नाहीत.

बोटीवर चढताना

गाड्यांचा मजला प्रवासात बंद असतो. म्हणजे रात्रभर लागेल ते सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी रांगेत उभे असतानाच मांडीवर हवी. औषधं, स्वेटर, दात घासायचं सामान, चार्जर, सगळे कागद. काही बंदरांत फक्त चालक गाडीसह आत जातो आणि बाकीच्यांना पायी चढावं लागतं. तेव्हा पासपोर्ट ज्याचा त्याच्या खिशात.

आत खलाशी हाताने खुणा करतो, त्याच्याकडेच बघायचं, आरशात नाही. तो म्हणेल तितकं पुढे, अगदी समोरच्या गाडीला टेकतोय असं वाटेपर्यंत. काही ग्रीक बोटींवर तर रॅम्पवरून उलटं चढवायला लावतात. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, गॅस बंद करा. मग मजल्याचा आकडा आणि जिन्याचा रंग यांचा फोटो काढा. सकाळी उतरायची घोषणा झाली की एकसारखे दिसणारे चार जिने असतात आणि प्रत्येकात माणसं.

चोर-घंटी बंद करा. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते. इंजिनांच्या थरथरीने गाडीची घंटी वाजत राहते आणि खाली जाऊन ती बंद करायला कोणी सोडत नाही. आम्ही ती विसरलो. सकाळी चावी फिरवली तर नुसता 'टिक' असा आवाज. मागे पन्नास गाड्या, पुढे उघडलेला रॅम्प, बाहेर चकचकीत ऊन. एका खलाशाने काही न बोलता चाकांवरची बॅटरी ओढत आणली, चिमटे लावले, गाडी सुरू झाली, आणि तो पुढच्या गाडीकडे गेलासुद्धा. तो त्याच कामासाठी तिथे उभा होता असं वाटलं. बहुतेक घंट्यांना आतली हालचाल न टिपण्याची सोय असते, ती गाडीच्या पुस्तकात शोधून घरीच एकदा करून बघा.

फोन विमान मोडवर टाका. किनारा सुटला की फोन बोटीच्या उपग्रह यंत्रणेला जोडला जातो आणि त्याचं बिल साध्या रोमिंगमध्ये मोडत नाही.

बोट लागण्याची गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती आधी घ्यावी लागते. पण यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. म्हणून दोन-तीन तासांच्या बोटीवर, उतरल्याबरोबर गाडी चालवायची असेल, तर चालकाने ती घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळीपेक्षा मला जागेचा उपाय जास्त पटतो: बोटीच्या मधोमध, जितकं खालच्या मजल्यावर जमेल तितकं खाली. केबिन निवडताना समुद्र दिसणारी, सगळ्यात पुढची, सगळ्यात वरची केबिन मोहात पाडते. तीच सर्वात जास्त हलते.

मोटरसायकल असेल तर ती बांधल्याशिवाय वर जाऊ नका. पट्टे बोटीवर मिळतात, पण कळकट असतात. स्वतःचे दोन ठेवा आणि सीटवर घालायला एक जुनं फडकं.

पलीकडे

उतरण्याच्या दिवशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आखू नका. पहाटे सहाची बोट सहाला धक्क्याला लागते, पण तुम्ही फाटकाबाहेर कधी पडाल ते कस्टमवर अवलंबून. टँजिअरला आम्हाला सव्वा तास लागला, पात्रासला दहा मिनिटं, कारण इटली-ग्रीस प्रवासात सीमा-तपासणी नव्हतीच. समोरची गाडी हलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. बंद मजल्यावर धूर कोंडतो.

वाहतुकीची बाजू बदलत असेल तर हेडलाइटच्या काचेवर लावायच्या पट्ट्या आदल्या रात्रीच लावा, बोटीत त्या जागेवर वाकायलाही जागा नसते. बाजू बदलल्यावर चूक पहिल्या चौकात होत नाही, कारण तिथे सगळे सावध असतात. ती होते दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. आमच्या डॅशबोर्डवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर नुसता उजवीकडचा बाण. ती चिकटवायचं काम वहीवालीचं, आणि पंपावरून निघताना मोठ्याने "उजवीकडून" म्हणायचंही.